दारातला शेवगा

नवरा गेला त्या वर्षी आमच्या उत्रोलीच्या सारजाबाईनं दारातल्या शेवग्यावर आपल्या हातानं कुऱ्हाड घातली. दारात शेवगा अशुभ, असं सगळा गाव म्हणायचा. पुढं तिच्या लेकीला, बनीला, दिवेलागणीनंतर दिसेना. आजाऱ्याला फळ द्यावं म्हणून सारजाबाई दर बाजाराला भोरहून केळी आणायची. बनीचा एक डोळा गेला, तेव्हा कुठं तिनं डॉक्टर गाठला.

"केळ्यानं पोट भरतं, बाई. डोळ्यांना शेवग्याचा पाला हवा होता. तुमच्या दारात नाही का?"

येताना सारजाबाईनं शेवग्याची फांदी मागून आणली आणि दारातच रोवली.

शेजारीण ओरडली, "अगं, अवदसा येईल!"

"ती येऊन गेली," सारजाबाई म्हणाली. "आता पाला येऊ दे."