पोपटी शर्ट

शेलूबाजारच्या कापड दुकानात ती मला एकदाच भेटली. लकवा मारलेल्या नवऱ्याला हाताला धरून शर्ट घ्यायला आली होती. त्याची वाचा गेलेली, त्यामुळे दुकानदार तिलाच विचारू लागला, "मावशी, पांढरा देऊ काय?"

"मले कायले इचारता? घालनार ते हायेत," ती म्हणाली. "कोर्टानं मले यांचं पालक नेमलं. बँकेत सई माही चालते, म्हनून पसंतीबी माहीच काय?"

मग एकेक शर्ट ती नवऱ्यासमोर धरायची आणि निवांत थांबायची. पांढऱ्याला त्याने नकारार्थी मान हलवली. राखाडीला तर डोळेच मिटले. पोपटी दिसताच मात्र डावा हात झटकन वर आला.

"अवो माय! हा घालून हिंडनार काय तुमी गावात?" तिने कपाळावर हात मारला. तो अर्ध्या ओठाने हसला.

"बांधा भाऊ," ती दुकानदाराला म्हणाली. "लगनातबी असाच घातला होता. तवाबी माहं कोनी आयकलं नाही."

माझ्या हातात राखाडी शर्ट होता, बायकोने सांगितलेला. तो मी हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "पोपटी अजून एक आहे का?"