उंबऱ्यावरची रांगोळी

शनिशिंगणापुरात एक बाई आपल्या घराच्या उंबऱ्याशी बसून रुईचे हार विकत. घर गावातल्या इतर घरांसारखंच बिनदाराचं. त्यांची स्वमग्न मुलगी बोलत नसे आणि मोकळी वाट दिसली की धावत सुटे.

"निदान हिच्यासाठी तरी दार बसवा," हार घ्यायला थांबलेली मी न राहवून म्हणाले.

हाराची गाठ मारत बाई हसल्या. "उंबऱ्यावर रांगोळी रोज तीच काढती. सोताची रांगोळी मोडलेली तिला चालत न्हाई. भाईर जायचं आसलं की माझा पदर वढती."

तेवढ्यात पोरगी आतून धावत आली, रांगोळीशी थबकली आणि तिने आईचा पदर ओढला. गिऱ्हाईक समोर असतानाही बाई हार ठेवून उठल्या.

"दारानं तिला आडवलं आसतं, ताई. आता ती आपली आपन थांबती."