नालीतलं फावडं

सरकारी योजनेतून आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, दोन्ही बाजूंनी नाली झाली आणि ती साफ ठेवायला ठेकेदाराची माणसं येऊ लागली. योजनेचा पैसा संपला तशी माणसंही यायची थांबली. नाली तुंबली. गल्लीचा उतार आमच्या बौद्धांच्या चार घरांकडे आहे, त्यामुळे सगळ्यांचं काळं पाणी माझ्या उंबऱ्यावर चढलं.

ढाणकी, पांढरकवड्याचे बाजार सायकलवर बोकड बांधून करता करता मी व्यापारी झालो. माणसाला कशावर राजी करायचं ते मला कळतं. घरोघर बसून मी पाळी ठरवली. दर रविवारी एका घराने नाली काढायची आणि फावडं पुढच्या घराच्या दाराशी उभं करायचं. दारात फावडं दिसलं की विसरलो म्हणायची सोय नाही.

सहा रविवार चाललं. सातवी पाळी समोरच्या शेतकऱ्याची. सोमवारी पाहतो तर नाली तशीच आणि फावडं माझ्या दाराला टेकवलेलं. मी परत नेऊन ठेवलं. मंगळवारी पुन्हा माझ्या दारात. तेव्हा मी ते हातात घेऊनच गेलो. तो ओट्यावर चहा पीत होता.

"कायले आणून राह्यला बे?"

"पाळी तुमची आहे, भाऊ."

"पाळीबिळी मले नको सांगू. तुमच्यातले दोघं लाव. चहा-नाश्ता माह्याकडून. तुमचा हात बसेल आहे त्या कामावर."

माझ्या बापाचा बसलेला होता, याच्याच बापाच्या गोठ्यात. मी फावड्याचा दांडा त्याच्या पोटात घातला. त्याने बैल हाकायची काठी, तुतारी, उचलून माझ्या कानावर हाणली. रक्त मानेवर उतरलं. मी पुन्हा दांडा फिरवला, तेवढ्यात त्याची बायको मधे आली आणि घाव तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी मी थांबलो नाही. लोकांनी ओढून काढलं.

माझ्या कानामागे टाके पडले, तिच्या हाताला प्लास्टर. पोलीस ठाण्याच्या बाकावर मी आणि तो बसलो होतो, तक्रारी अजून लिहायच्या होत्या. तो जातीवरून बोलला त्याला साक्षीदार होते. मी बाईला मारलं त्यालाही होते.

"दवाखान्याचा खर्च देतो," तो म्हणाला.

"खर्च नको."

"मंग काय पाह्यजे?"

"रविवारी तुम्ही सोता नाली काढा. दिवसाढवळ्या."

"माणूस लावून देतो ना."

"माणूस लावला त मी आत जाऊन लिहितो."

त्याने मान डोलावली. आम्ही तक्रारी न देता घरी आलो. आई भडकली. "फुटलेल्या डोक्याचा सौदा केला तू. केस कराची होती." मी म्हटलं, केस चालंल कोर्टात, पाणी तर घरातच येईल. त्याच्या बायकोची माफी मी आजवर मागितलेली नाही. त्याने माझी मागितली असती तर मीही तिची मागितली असती.

रविवारी तो पँट दुमडून उतरला. सगळी गल्ली ओट्यांवर बसली होती. वरपासून काढत काढत तो माझ्या दारापर्यंत आला आणि सगळा गाळ माझ्या पायरीवर टाकला. शेवटचा फावडंभर गाळ असा फेकला की आईच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले.

"झाली माही पाळी," म्हणाला आणि फावडं त्या ढिगात रोवलं.

मी ते उपटलं. तो एक पाऊल मागे सरला. त्याला वाटलं, मी मारणार. मलाही तसंच वाटलं. टाके ठणकत होते, दांडा हातात होता, डोकं समोर होतं. पण एक घाव घातला असता तर पुढच्या रविवारी एकाही घराने नालीत हात घातला नसता.

मी आईला घमेलं मागितलं आणि गाळ भरायला लागलो. चौथं घमेलं उचललं तरी तो तिथेच उभा होता.

"सरका," मी म्हटलं.

तो सरकला.

संध्याकाळी त्याच्या शेजारचा मास्तर आला. पुढची पाळी त्याची. त्याने फावडं उचललं आणि आपल्या दाराशी नेऊन ठेवलं.