पुंडलिकरावांचं लायसन

नालवाडीत शेतांचे प्लॉट पडू लागले, तेव्हा पुंडलिकराव तिमांडे जमिनीची दलाली करत. या धंद्याला सरकारी परवाना लागत नव्हता, आणि हेच त्यांना खुपायचं. पानठेल्यावरचा कोणीही उठून गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवी. मग आपली शान ती काय राहिली? १९७९ साली त्यांनी चार दलाल गोळा करून मंडळ काढलं, स्वतः अध्यक्ष झाले आणि जाड कागदावर लायसनं छापून आणली. मधोमध फोटो अध्यक्षांचा.

लायसन वर्षभराचं. पुढे चालू ठेवायचं तर दिवाळीनंतर आठवडाभर वर्गाला बसायचं. शिकवायला अर्थात पुंडलिकराव. गिऱ्हाइकाला कुठल्या बाजूनं आणावं, बायको सोबत असेल तर आधी कोणाशी बोलावं, असं ते तासन् तास सांगत. शिवाय बाजारात, लग्नाच्या पंगतीत लोकांना बजावत, "लायसन पाह्यल्याशिवाय कोनाशी सौदा करू नका बापा, फसान!" लोकांनी ते मनावर घेतलं.

पाचव्या वर्षी चंद्रभान सचिव झाला. हा त्यांचाच लाडका विद्यार्थी. लायसनं नवी करायच्या बैठकीत तो उभा राहिला.

"अध्यक्षसाहेब, वर्गात तुमची हजेरी नाई."

"मी शिकवून राह्यलो होतो ना बे! माही हजेरी कोन घेईन?"

"कोनीच नाई घेतली. नियम तं तुमचाच हाय."

बाकीच्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. लायसन गेलं, पाठोपाठ अध्यक्षपदही.

पुंडलिकरावांना वाटलं, आपल्याला कोण विचारतं लायसन! पण अल्लीपूरचा त्यांचा चुलतभाऊ किसनराव प्लॉट पाहायला आला, तो दारातच म्हणाला, "दादा, लायसन दाखवा."

"काऊन? भाऊ हाय मी तुहा!"

"तुमीच तं सांगतलं, नातेवाइकाले पयले लायसन विचारजो म्हणून."

किसनराव चंद्रभानासोबत प्लॉट पाहून आला आणि जेवायला मात्र दादाकडेच बसला. त्याला वाढता वाढता कौशल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, "बसा ना वर्गात. एवढे दिवस दुसऱ्यायनं आइकलं, आता तुमी आइका."

दिवाळीनंतर पुंडलिकराव मागच्या बाकावर बसले. चंद्रभान त्यांचंच भाषण त्यांच्याच हातवाऱ्यांसकट देत होता. शेवटच्या दिवशी त्यानं त्यांना उभं केलं. "प्लॉटच्या मांगं नाला हाय. गिऱ्हाईक विचारते, हे काय? तुमी काय सांगान?"

आठवडाभर गिळलेला राग पुंडलिकरावांनी बाहेर काढला.

"नाला हाय म्हणून सांगीन! पावसाळ्यात घरात घुसते!"

दलालीच्या साऱ्या आयुष्यात प्लॉटबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलले होते. वर्गात कुजबुज झाली. चंद्रभानानं दुःखानं मान हलवली आणि त्यांना नापास केलं.

ते वर्ष त्यांनी ओसरीवर बसून काढलं. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा वर्गाला गेले, नाल्याला 'बारमाही गारवा' म्हणाले आणि पहिल्या नंबरानं पास झाले. लायसनवर आता फोटो चंद्रभानाचा होता.