नळाला फोडलेला नारळ

आमच्या गल्लीत सरकारी नळ येणार हे कळलं, त्या दिवशी माझी भाकरी तव्यावर करपली तरी मला पत्ता नव्हता. धाराशिवात तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि बांधकाम खात्याला सगळे तामीरात म्हणत. येडशी स्टेशनावर उतरलेले लोखंडी पाईप बैलगाड्यांतून आले, गल्ली खणली गेली, आणि आम्ही बाया हातातली कामं टाकून दाराशी उभ्या!

आमच्या आडाचं पाणी मचूळ. गोड्या पाण्यासाठी वेशीबाहेरच्या विहिरीवर जायचं आणि भरल्या घागरी घेऊन चढ चढायचा. मागच्या खेपेला दिवस राहिलेले असताना त्याच चढावर माझा पाय घसरला आणि पोटातलं गेलं. आता पुन्हा सहावा लागला होता. सासूबाईंचे गुडघे धरलेले, घरात तिसरी बाई नाही, म्हणजे पाणी मीच आणायचं. माझ्या पडण्याबद्दल त्या कधी अवाक्षरानंही बोलल्या नव्हत्या. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? म्हणून तो नळ मला हवा होता, अगदी जिवापासून.

पण बाजारातल्या व्यापाऱ्यांचाही त्यावर डोळा होता. तामीरातच्या मिस्त्रींनी बजावलं होतं, "देखो, नल सँभालके रखो. बिगड्या तो साहब उठाके बाजार में लगा देंगे."

चालू करायच्या दिवशी तर गल्लीत सणच होता. मिस्त्रींनी पाण्याची मोठी चावी खोलली, "मैं साहब को लेके आतूँ, हात नक्को लगाओ," म्हणाले आणि गेले. आता हात नाही लावायचा, कबूल. पण गंगा दारात आल्यावर पूजा करायची नाही? हळद-कुंकू झालं, खण झाला. समोरच्या मुसलमान घरातल्या बीबींनी हौसेनं मोगऱ्याचा गजरा बांधला. मग सासूबाई नारळ घेऊन पुढं झाल्या. नारळ फोडायला जवळ दगड दिसेना, तर त्यांनी तो थेट नळाच्याच मानेवर हाणला. सिमेंट अजून ओलं. तिसऱ्या दणक्याला तोटी उडाली आणि पाणी कौलांपर्यंत गेलं!

काय आनंद झाला म्हणून सांगू! नळ आमच्यापैकी कुणी पाहिला होता? तो असाच उडतो असं आम्हाला वाटलं. घागरी, बादल्या, परात, ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं धरलं. बीबी "सुभानल्ला!" म्हणत ओंजळी भरत होत्या. म्हातारी माणसं पाणी डोळ्यांना लावत होती. मी चिंब भिजले होते आणि माझं हसू थांबत नव्हतं.

तेवढ्यात मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी दिसले. त्यांनी डोक्यालाच हात लावला. "या अल्ला, तोड डाले!" म्हणत ते चावी बंद करायला पळाले, तेव्हा कुठं आम्हाला कळलं. मागून साहेब येत होते.

"किसने तोडा?" साहेबांनी विचारलं.

परक्या पुरुषासमोर सासूबाई कधी तोंड उघडत नसत. त्या पदर ओढून पुढं आल्या.

"म्या फोडला, सायेब. देव समजून नारळ फोडला. मला काय करायचं ते करा, पर नळ नेऊ नगा. सून पोटुशी हाय माझी. मागल्या वक्ताला चढावर पडली, पोर गेलं. तवापासनं ही घागर घिऊन भाईर गेली की परत दिसंस्तोवर म्या उंबऱ्यावरनं उठत न्हाय. आता न्हाय व्हत माझ्यानं."

मी बघतच राहिले. उंबऱ्यावर बसलेल्या त्या मला रोज दिसायच्या. उशीर झाला म्हणून बोलायला टपून बसल्यात, असंच मी धरून चालले होते.

साहेब तुटलेल्या नळाकडं आणि त्यावरच्या गजऱ्याकडं वळले. मग मिस्त्रींना म्हणाले, "नया नल लगाओ. यहीं. और बाजू में एक पत्थर बिठाओ, नारियल फोडने का." गल्लीनं असा काही गलका केला की साहेबांनाही हसू आवरेना!

दुसऱ्या दिवशी नवी तोटी बसली. मी घागर उचलली तर सासूबाईंनी ती हातातून काढून घेतली. "तू बस," म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या नळावर जात राहिल्या आणि घरातलं एकूण एक भांडं भरून आणलं, अगदी तांब्या-पेलेसुद्धा. मी आपली दारात बसून रडत होते.