ताइचुंगला पोचलेली चव

व्हिएतनामातल्या आमच्या सा डेकच्या कालव्यावर कुणाच्या होडीचं इंजिन बंद पडलं की पहिली हाक बाय मावशीला जायची. खरं नाव थाम. पण भावंडांच्या क्रमात तिच्या वाट्याला साताचा आकडा आला होता, आणि आमच्याकडे नावापेक्षा आकडाच जास्त चालतो. सात म्हणजे बाय. बाप गेल्यावर त्याच्या पाने-पकडी तिनंच उचलल्या, कारण भावांपैकी कुणालाच हात काळे करायचे नव्हते. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याचं दुखणं तिला कळायचं. स्वयंपाकातलं मात्र ओ की ठो कळत नसे. खाली करपलेला आणि वर कच्चा भात एकाच भांड्यात करून दाखवणं भल्याभल्यांना जमत नाही. मावशीला ते सहज जमायचं.

याचं तिला कधी वाईट वाटलं नाही, कारण नवरा चान्ह मिळाला होता. तरुणपणी तो तांदूळ वाहणाऱ्या गलबतावर खलाशांना रांधून घालायचा. आईकडून तो शिकलाच होता, तिथं त्याचा हात जो बसला तो बसलाच. गल्लीत कुणाच्याही वाडवडिलांचं वर्षश्राद्ध असलं की चान्हला बोलावणं यायचं, आणि पितरं त्याच्या हातचं असल्याशिवाय येत नाहीत असं लोक थट्टेनं म्हणायचे. इंजिनाचं म्हणाल तर ते कुठून सुरू होतं हे त्याला ठाऊक होतं. पुढचं तो बायकोवर सोपवायचा. संसार झकास चालला होता. ती काळे हात घेऊन घरी यायची, तो ताट वाढायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी क्वेन तैवानला, ताइचुंगच्या सायकलींच्या कारखान्यात कामाला गेली आणि तिथल्याच एका फोरमनशी लग्न करून राहिली. लग्नाआधी होणारी सासू, विधवा लियाओबाई, तिला बघायला आली. आईवडील काय करतात, असं तिनं विचारलं. क्वेनला तेव्हा चिनी भाषा जेमतेम येत होती. एक जण स्वयंपाक उत्तम करतं, एक जण होड्यांची इंजिनं दुरुस्त करतं, एवढं तिनं सांगितलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कोण काय करतं हे लियाओबाईनं आपलं आपणच वाटून टाकलं आणि समाधानानं मान डोलावली. क्वेननं ते दुरुस्त केलं नाही. नव्या सासूची पहिल्याच भेटीत चूक कशाला काढायची, असं तिला वाटलं.

पुढं क्वेनला मुलगी झाली, लियाओबाईचा वेळ जाईना, आणि एके दिवशी तिच्या मनानं घेतलं की सुनेच्या आईकडून व्हिडिओ कॉलवर अस्सल व्हिएतनामी स्वयंपाक शिकायचा. क्वेननं घरी फोन लावला.

"मा, रविवारी तुला स्वयंपाक करायचाय."

"का? बा आजारी आहे?"

क्वेननं सगळं सांगितलं. मावशी म्हणाली, मग खरं काय ते सांगून मोकळी हो. क्वेन म्हणाली, आता सांगितलं तर त्या विचारतील इतके दिवस गप्प का होतीस. अजून काही दिवस गेल्यावर सांगणं सोपं जाणार आहे का, असं मावशीनं विचारलं, तर पोरगी म्हणाली, बाला फोन दे. शेवटी चान्हनंच निकाल दिला. मुलगी परक्या घरात आहे, आपण दोघं मिळून निभावून नेऊ. विहीणबाईंना कुठं आपली भाषा कळते?

तो रविवार उजाडला. फोन खाऱ्या माशाच्या रसाच्या बाटलीला टेकवून उभा केला. मावशी चुलीपुढं, अंगात ठेवणीतला फुलाफुलांचा सदरा. चान्ह मागं उंबऱ्यात, मांडीवर सुटं केलेलं इंजिन घेऊन बसलेला, म्हणजे जावयाच्या घरी तो मेस्त्री दिसावा. तिकडे ताइचुंगला लियाओबाई आपल्या शेगडीपुढं पदर खोचल्यासारखी सज्ज, आणि मध्ये क्वेन दुभाषी. बेत होता नारळपाण्यात शिजवायच्या डुकराच्या मटणाचा आणि उकडलेल्या अंड्यांचा. त्याला आधी साखर जाळून रंग करावा लागतो.

"आच बारीक कर," चान्ह मागून म्हणाला. "साखर सोनेरी झाली की लगेच नारळपाणी ओत."

"तुम्ही आधी तो कार्बोरेटर सरळ धरा. पेट्रोल मांडीवर गळतंय."

"माझी मांडी मी बघेन. तू साखर बघ."

"उलटा कार्बोरेटर बघून मला साखर दिसते होय?"

लियाओबाईनं विचारलं, काय म्हणतायत दोघं? क्वेननं सांगितलं, बा विचारतायत दमलीस का, आणि मा म्हणतेय तुम्ही जवळ बसलात की दमायला होत नाही. लियाओबाईनं सुस्कारा सोडला. तिचा नवरा हयातभर स्वयंपाकघराच्या आसपास फिरकला नव्हता.

एवढ्यात साखर सोनेरीची तांबडी, तांबडीची काळी झाली आणि धूर निघाला. चान्हनं डोळे मिटून घेतले. लियाओबाई शेगडीवरून वाकून फोनमध्ये बघत होती. तिची साखर अजून मधासारखी होती. इतकी काळी करायची का, असं तिनं विचारलं. मावशीनं जन्मात कधी गिऱ्हाइकापुढं आपली चूक कबूल केली नव्हती.

"काळीच हवी," ती ठामपणे म्हणाली. "काळी झाली नाही म्हणजे काम अर्धवट राहिलं समजा."

क्वेन बापाच्या हातचं सोनेरी मटण खाऊन मोठी झाली होती. तरी तिनं ते वाक्य जसंच्या तसं चिनीत सांगितलं. लियाओबाईनं आच मोठी केली.

असे कितीतरी रविवार गेले. माशाच्या आंबट सारात मावशीनं चिंचेचा कोळ दोनदा घातला, कारण पहिल्यांदा घातल्याचं ती भांडणात विसरली. अननस घालायचा राहिला आणि अळूचे देठ न सोलताच पडले. दर वेळी ती चूक पहाडासारखी ठाम उभी राहून पार पाडायची, आणि दर वेळी लियाओबाई तीच चूक मन लावून शिकायची. कॉल संपला की मावशी भांडं उचलून मागच्या दारी बदकांपुढं ओतायची, चान्ह चूल पुसून खरा स्वयंपाक करायचा आणि दोघं जेवायची. एकदा तो जेवता जेवता म्हणाला, बदकं हल्ली रविवारी कालव्याच्या पलीकडं जातात. मावशी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

हे चाललं असतं असंच. पण लियाओबाईनं ठरवलं की या गुणी विहिणीला प्रत्यक्ष भेटायचं. चान्हच्या आईच्या वर्षश्राद्धाला मुलगा, सून, नात घेऊन ती यायला निघाली. क्वेननं आधी फोन करून बापाला गळ घातली की त्या दिवशीही सगळं मा करेल. तेव्हा चान्ह पहिल्यांदा अडून बसला.

"चूल मला माझ्या आईनं शिकवली," तो म्हणाला. "तिच्या फोटोपुढं मी जळकी साखर ठेवणार नाही. तुझी सासू, तुझी आई, तुमचं तुम्ही बघा."

म्हणून त्या दिवशी घरात दोन चुली पेटल्या. मागच्या अंगणात चान्ह, आईच्या नैवेद्यासाठी. पुढं पाहुण्यांच्या देखत मावशी. चान्ह मागे काय करतोय, असं लियाओबाईनं विचारलं तेव्हा क्वेन म्हणाली, होडीचं काहीतरी. भाऊबंद, शेजारीपाजारी सगळे जमले होते. मावशीला पळी हातात धरून उभी बघून त्यांना हसू आवरत नव्हतं, पण सगळ्यांनी आपापली तोंडं सांभाळली. चान्हनं फोटोपुढं वाट्या मांडल्या, उदबत्त्या लावल्या आणि हात जोडून बराच वेळ पुटपुटत उभा राहिला. आईला नेमकं काय सांगितलं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

उदबत्त्या जळून गेल्यावर रिवाजाप्रमाणे नैवेद्याच्या वाट्याही पंगतीत आल्या. त्यामुळे लियाओबाईपुढं दोन वाट्या होत्या. एकीत सोनेरी मटण, नारळपाण्याचा गोडसर वास येणारं. दुसरीत काळं.

तिनं आधी सोनेरी चाखलं. चघळलं, थोडा विचार केला आणि वाटी हळूच बाजूला सारली. मग काळं खाल्लं. तिचा चेहरा उजळला. तिनं भात ओढून घेतला आणि पुन्हा वाढून घेतलं. जेवता जेवता क्वेनशी काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत?" चान्हनं विचारलं.

इतकी वर्षं क्वेननं प्रत्येक वाक्याला साखर लावून इकडचं तिकडं केलं होतं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, दमली असेल किंवा त्या बाजूला सारलेल्या वाटीचं तिला लागलं असेल. तिनं सरळ सांगितलं.

"बा, त्या म्हणतायत, माच्या हातची चव अगदी फोनवर शिकवली तशीच लागते. ते पिवळं ज्यानं केलंय तो माणूस चांगला असेल, पण त्याला आपला खरा स्वयंपाक येत नाही."

मग कोपऱ्यातून कुणीतरी फुसकन हसलं आणि सगळा जमाव हसत सुटला. लियाओबाईही हसली, कारण सगळे हसत होते. चान्ह हसला नाही. आईच्या नावानं केलेल्या रांधण्याला असं कुणी म्हटलेलं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. त्यानं मावशीच्या भांड्यातला एक तुकडा काढून तोंडात टाकला. इतक्या रविवारांत त्यानं तो कधी चाखला नव्हता. बराच वेळ चावत राहिला.

मावशीला ते बघवेना. ती उठून उभी राहिली.

"सांग त्यांना," ती मुलीला म्हणाली. "या घरातला स्वयंपाक हा माणूस करतो. मला त्यानंच शिकवलं, आणि ह्या भांड्यात जे वाईट आहे तेवढंच माझं आहे. इंजिनं मी दुरुस्त करते. सगळं सांग. एक शब्द गाळू नकोस."

क्वेननं एक शब्द गाळला नाही. ऐकून झाल्यावर लियाओबाईचे डोळे भरून आले. तिनं मावशीचा हात हातात घेतला. आजकाल अशा बायका राहिल्या नाहीत, ती क्वेनला म्हणाली. चारचौघांत नवऱ्याचा पडेल चेहरा बघितला नि आपलं सगळं श्रेय त्याच्या पदरात टाकलं. शीक काहीतरी आईकडून.

खरं सांगून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना फुलांच्या वाफ्यांकडं होडीनं नेलं, तर भर कालव्यात इंजिन बंद पडलं. पाहुण्यांनी चान्हकडं बघितलं. त्यानं उठून दोरी एकदा ओढली, इंजिनाकडं आदरानं पाहिलं आणि बाजूला सरकला. मावशीनं बाह्या सारल्या, नळी काढली, तोंडानं फुंकली, हात खांद्यापर्यंत काळे केले आणि इंजिन फुरफुरत सुरू झालं. चान्हनं तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. लियाओबाई हे सगळं टक लावून बघत होती. उतरताना तिनं मुलाच्या कानात काहीतरी सांगितलं. ते क्वेननं बापाला मुळीच सांगितलं नाही. जावयानं नंतर तोडक्यामोडक्या व्हिएतनामीत सांगितलं. आई म्हणाली, बिचारीला चूलही करावी लागते आणि नवऱ्याचं कामही. माणूस गोड आहे, पण आळशी.

तेव्हापासून रविवारच्या कॉलवर उंबऱ्यात बसलेला चान्ह दिसला की लियाओबाई जरा कडक नजरेनं बघते. कधी क्वेनला सांगते, तुझ्या बाला म्हणावं, उठून निदान लसूण तरी सोला. क्वेन ते आता जसंच्या तसं सांगते आणि चान्ह उठून लसूण सोलतो. मांडीवरचं इंजिन गेलं. सुरी हातात आल्यामुळे तो पूर्वीपेक्षा खूश असतो, हे खरं. मावशीची साखर अजून काळीच होते. ती म्हणते आता बदलता येणार नाही, तिकडं एका घराची सवय मोडेल. क्वेनच्या पोरीला आजीचं काळं मटण इतकं आवडतं की शाळेच्या डब्यातही तेच असतं.

बुधवारी मात्र लियाओबाई बागेत बायकांबरोबर व्यायामाला जाते. त्या दुपारी क्वेनला जेवणाच्या सुट्टीत, डबा खाल्लास का, असा तिचा फोन येत नाही. ती कारखान्याच्या जिन्यात बसून घरी फोन लावते आणि म्हणते, बाला दे. चान्ह फोन चुलीजवळ ठेवतो आणि रोजचं रांधायला लागतो. शिकवत काही नाही, तीही काही विचारत नाही. साखर सोनेरी होते तेव्हा तो कढई जरा तिरकी धरतो, म्हणजे तिला नीट दिसावं. क्वेन डबा उघडते. डब्यात सासूनं भरून दिलेलं काळं मटण असतं.

परवा चान्हनं विचारलं, "कसं झालंय आज?"

"तुझं की माझं?"

"तुझं."

"कडू," क्वेन म्हणाली आणि भाताचा घास तोंडात घातला. "पण सवय झाली, बा. तू ओत नारळपाणी, जळेल नाहीतर."