काचेतली रिंग

बास्केटबॉल लीगच्या लोकांनी आमच्या गल्लीला फसवलं. सौदा मी केला होता, म्हणून मला जास्त झोंबतं.

या कॅरिबियन बेटावर मी कापडाचं दुकान शून्यातून उभं केलं. दुकानासमोरच्या खांबावर, फळीला ठोकलेली, पिंपाच्या पट्ट्याची एक वाकडी रिंग होती. तिच्यात चेंडू टाकत टाकत गल्लीतला एक पोरगा लीगचा तारा झाला. लगेच लीगचे साहेब आले. म्हणाले, ही रिंग स्टेडियमच्या दारात काचेत ठेवायची. मी घासाघीस करून बदल्यात नवीकोरी रिंग कबूल करून घेतली. "पुढच्या आठवड्यात बसवतो," ते म्हणाले. हातात पैसे आल्याशिवाय सुतळीही न सोडणारा मी, फोटोत हसत उभा राहिलो आणि जुनी रिंग देऊन बसलो.

वर्ष झालं. आज संध्याकाळीही न्हावी रामोन आणि बसड्रायव्हर लुईस नुसत्या फळीवर चेंडू मारत होते.

"गेला आत!" रामोन ओरडला.

"कशाच्या आत? तुझ्या सासूच्या टोपलीत?"

"बॉस, तुम्हीच सांगा!"

रिंगच नाही, तर मी आत-बाहेर कसं ठरवणार? त्या पोराचा नेम चुकला की रिंग खणकन वाजायची. गल्ली हसायची, तो पुन्हा मारायचा. असाच तो घडला. आता इथे कुणाचाच नेम चुकत नाही, म्हणून कुणी शिकतही नाही. आणि तिकडे काचेतल्या रिंगमधून एक चेंडू जात नाही.

साहेब, नवी रिंग घेऊन या. नाहीतर रिकाम्या हातांनी या, त्या फळीखाली उभे राहा आणि रामोनला तोंडावर सांगा, त्याचा चेंडू आत गेला की नाही.